चावीवाल्याच्या घरचं पाणी

नायनाची चावी साडेचार फूट, लोखंडी,
वर आडवा दांडा, खाली चौकोनी तोंड.
सायकलच्या नळीला सुतळीनं बांधून
रात्री अडीचला तो निघायचा,
आणि अशोक चौकामागच्या गल्ल्या हंडे मांडून
त्या लोखंडाच्या आवाजाकडं कान लावायच्या.

पाचव्या दिवशी पाणी. कधी सहाव्या.
उजनी काठोकाठ भरली तरी पाचव्याच.
असं का, हे नायनाला कुणी सांगितलं नाही,
त्यानंही साहेबाला कधी विचारलं नाही.
त्याला एवढंच ठाऊक, किती आटे फिरवले
की कुठल्या मजल्यापर्यंत पाणी चढतं.

पहिल्यांदा कुणी पैसे दिले नव्हते.
पहिल्यांदा चहा दिला,
गड्ड्याच्या दिवसांत, पहाटेच्या गारठ्यात,
एका म्हातारीनं, कान तुटलेल्या कपातून.
मग कारखानावाल्या गुर्रम शेटनं चादर दिली,
माल म्हणून न खपलेली, एका कडेला दोरे सुटलेली.
ती मी अजून पांघरते.
चादरीनंतर शेटच्या गल्लीत वीस मिनिटं वाढली.
कुणी मागितली नाहीत. कुणी कबूलही केली नाहीत.
ती वीस मिनिटं दोन गल्ल्या पलीकडं
कुणाच्या तरी हंड्यातून गेली असणार,
पण तो हंडा नायनाला दिसत नव्हता.
चादर दिसत होती.

अकरा वर्षं रोजंदारी.
दिवाळीचा पगार संक्रांतीला.
कायम व्हायचे ऐंशी हजार,
भिशीतून, मामाकडून, पतसंस्थेतून.
ज्या हेडक्लार्कनं ते घेतले त्यानं म्हणे
स्वतःची बदली थांबवायला दीड लाख मोजले होते,
आणि ज्यानं ते दीड लाख घेतले
त्याच्या डोक्यावर निवडणूक होती.
निवडणुकीत आमच्या गल्लीला
घरटी पाचशे आणि एक स्टीलचा डबा मिळाला.
त्या डब्यात अम्मा शेंगाचटणी ठेवते.
झाकण घट्ट आहे. चांगला डबा आहे.

अम्मा विड्या वळते.
हजार विड्यांत चेकर छाट काढतो,
चाळीस काढायची की साठ, त्याची मर्जी.
काढलेल्या विड्या तो फेकत नाही, ठेवून घेतो.
सणाला त्याच्या घरी शेंगापोळ्या पोचल्या
तर महिनाभर वीस-पंचवीसवर भागतं.
अम्मा त्याला चोर म्हणते,
रोज, पान कातरताना, तेलुगूत.
नायनाला कधी म्हणाली नाही.

बारावीला निबंध होता,
भ्रष्टाचाराची कारणे, दहा गुण.
मी लिहिलं, नीतिमूल्यांचा ऱ्हास, चंगळवाद,
शिक्षणाचा अभाव.
अक्षर चांगलं आलं होतं. नऊ मिळाले.
तपासणाऱ्या सरांनी संस्थेत लागण्यासाठी
होटगीकडची तीन एकर विकली होती.
हे वर्गाला माहीत होतं,
आणि वर्गाला माहीत आहे हे सरांना.
चादरीचं मी लिहिलं नाही.
ती तेव्हा दोरीवर वाळत होती.

एक गोष्ट राहिली.
आमचं घर लाइनीच्या शेवटाला आहे
आणि आमच्या गल्लीची चावी नायनाकडं नाही.
ती काशिनाथकडं.
मे महिन्यात, रात्रीसुद्धा फरशी तापलेली असते तेव्हा,
नळ नुसता खोकतो. वारा येतो, पाणी नाही.
अशा एका रात्री नायना बनियनवर बाहेर गेला,
काशिनाथ चेंबरचं झाकण उचलत होता,
त्याच्या हातात पन्नासची नोट ठेवली.
"ओ मल्लेशमअण्णा, तुमच्याकडनं नको की."
"ठेव बे."
"अहो, आपण एकाच खात्यातले."
"म्हणून तर. ठेव."
दोघंही खाली चेंबरमधल्या अंधाराकडं बघत होते.
त्यानं ठेवली.

मी उंबऱ्यात बसून आटे मोजले.
एक, दोन, चार, सहा.
सहाला तो नेहमी थांबतो.
सात.
आठ.

नळ आधी थुंकला, मग गढूळ, मग धार.
नायना आत आला, हात धुतले,
बराच वेळ धुतले,
आणि मला म्हणाला, बघत काय बसलीस,
हंडा सरळ कर.
मी केला.